चौदाशेचा घाट

लोकेशनं बॉनेटवर आधी गोणपाट अंथरलं, मग लॅपटॉप ठेवला,
कारण मे महिन्यात शहाद्याला दुपारी
पत्र्यावर हात टेकला तर कातडी त्याच्याकडेच राहते.
वायर जोडली. पडद्यावर एक डोंगर उगवला
निळ्या रेषेचा,
त्याच्या डोक्यावर दुसरा, लाल.
‘निळा आजचा, काका. लाल मी देणार तो.
पस्तीस घोडे जास्त. एका तासात.’

मी पस्तीस घोडे मनात उभे करून पाहिले,
सारंगखेड्याच्या बाजारात असतात तसे,
तेल चोपडलेले, कपाळाला गोंडे.
चाऱ्याचा हिशोब मात्र लागेना.

गाडी लिलावातली. पाटबंधारे खात्यात झिजलेली,
चारही चाकं ओढणारी, जड,
उतारावर स्वतःच्याच वजनाला घाबरणारी.
मी तिच्यातून डीपी नेतो. खांब नेतो, तारेची ड्रमं नेतो
धडगावच्या वरच्या पाड्यांवर,
डांबर जिथं हात जोडून मागं फिरतं तिथून पुढं.
तिसऱ्या वळणावर तिचा दम तुटतो.
मग रायसिंग पावरा उडी मारून उतरतो
आणि मागच्या चाकाशी दगड घेऊन चालतो,
तान्ह्या पोराला धरावं तसा पोटाशी.

सुपडू मिस्त्री डिझेलनं हात धूत आला.
चष्मा नाही. पडद्याला नाक लावलं.
‘हाऊ डोंगर कोठे शे?’
‘बत्तीसशे आरपीएमला,’ लोकेश म्हणाला.
‘आपला घाट चौदाशेले शे, भाऊ.
बत्तीसशेले कोन जाई? वऱ्हाड?’
मग माझ्याकडं वळून, जरा हळू,
‘तुले पयानं शे का चढानं शे?’

इतका साधा प्रश्न
मला कुणी दुकानात विचारला नव्हता.
धुळ्याला मोठा टर्बो दाखवला होता, काचेच्या कपाटात,
गोगलगाईसारखा गुंडाळलेला, चकाकणारा. मी भाव केला होता.
खरं सांगायचं तर रात्री स्वप्नात त्याची शिट्टीसुद्धा ऐकली होती.
‘मोठा टर्बो म्हणजे फुगेल जवाई,’ सुपडू म्हणाला,
‘तो उठस तवलोंग पंगत उठी जास.’

छोटा घेतला. लवकर जागा होणारा.
त्याच्या आधी रेडिएटर, तीन थरांचा,
आणि हवा गार करणारी जाळी, पुढं, बंपरमागं,
क्लचप्लेट, कारण जोर वाढवून
तो घसरत्या तळव्यावर ठेवायचा कशाला,
मग क्राउन-पिनियन, जड चालीचं. त्यातच वेग गेला.
सपाटीवर आता पपईचे टेम्पो मला हॉर्न मारून पुढं जातील.
उरलेले पैसे ब्रेकला.
ब्रेकला का, मी विचारलं. सुपडूनं उत्तर दिलं नाही,
फक्त माझ्याकडं पाहिलं, पाहुण्यासमोर पोराकडं पाहावं तसं.

लोकेश तासभर रुसला.
मग त्यानं माऊस धरून लाल रेषा दाबली,
कळसाचा माथा उतरवला,
आणि सगळा डोंगर ढकलत ढकलत डावीकडं आणला,
चौदाशेवर. तिथं रुंद पठार केलं.
‘धूर कमी होईल,’ एवढंच पुटपुटला.
चहाचे पैसे त्यानंच दिले.

परवा पहाटे चढलो. मागं डीपी, साखळदंडांनी बांधलेली,
तिच्यातल्या तेलाचा वास, बाहेर मोहाचा.
पहिलं वळण, दुसरं.
तिसऱ्यावर मी सवयीनं दात आवळले.
काटा चौदाशेवर बसला होता, हलत नव्हता.
गाडी ओरडली नाही. बैल मान खाली घालतो
तशी तिनं मान खाली घातली, आणि गेली.

माथ्यावर थांबलो. आरशात रायसिंग दिसला,
घामानं निथळत, चालत येणारा,
दगड अजून पोटाशी.
‘अरे, टाक ना आता.’
त्यानं दार उघडलं, दगड पायाशी नीट ठेवला,
गार इंजिनाची वाट बघत विडी काढली.

‘उतरायचं आहे,’ म्हणाला.