दिशाभूल

रात्री साडेअकराला लंडनची बातमी येते
आणि मला तिचं मराठी करायचं असतं.
एक कॉलम, नऊ सेंटिमीटर,
खाली खानापूरच्या भाताच्या दराची चौकट.

बातमीत एक मंत्री आहे.
पार्लमेंटात उभा राहून म्हणाला होता,
त्या संध्याकाळी मी तिथं नव्हतोच.
आता फोटो आलाय. फोटोत तो आहे, हातात पेला,
आणि मागच्या घड्याळात तीच संध्याकाळ.
तर आता तो म्हणतो,
माझ्याकडून अनवधानाने सभागृहाची दिशाभूल झाली असल्यास…

इथं मी अडतो.
त्यांचं 'असल्यास' इंग्रजीत दोन अक्षरांचं,
तोंडात सुपारीएवढं.
मराठीत ते अख्खं वाक्य अडवून बसतं
खडेबाजारातल्या बैलासारखं.

भरमा हलगेकर, आमचा प्रूफरीडर, चष्मा कपाळावर,
"काय करलालैस रं इतका वेळ?"
"खोटं बोलला, असं लिहू का?"
"तिथं तसं म्हणता येत न्हाई म्हणे.
खोटारडा म्हणणाऱ्यालाच भाईर काढतात."
"आणि जो बोलला तो?"
"त्यो आतच की."

आजोबा कॅम्पात एका साहेबाचे बटलर होते.
साहेब बोलला म्हणजे बोलला, म्हणायचे,
जेवताना, विनाकारण, आमच्याकडे बोट करून.
त्या साहेबाचा दगड दफनभूमीत आहे अजून.
'शब्दाचा पक्का' असं कोरलंय त्यावर.
पगाराचे तीन महिने तो बुडवून गेला
हे आजीनं सांगितलं, आजोबा गेल्यावर.

दगडावर टेबलाएवढी जागा असते,
तरी सगळं मावत नाही.

माझा मेहुणा डेपोत ड्रायव्हर.
पहाटे मशिनीत फुंकून दाखवतो, मग बस मिळते.
दर वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरसमोर बसून
हिरवा ओळखतो, लाल ओळखतो.
सौंदत्तीची पंचावन्न माणसं न्यायची तर एवढं.
देश न्यायचा तर कशात फुंकतात,
बातमीत नाही.

पेपरवेट म्हणून माझ्या टेबलावर
पितळेची एक तोटी आहे.
मार्कंडेयच्या काठचं आमचं गाव.
सातेरी मेंबर सभेत म्हणाला,
खालच्या गल्लीत पाणी पोचलंय, लिहून घ्या.
प्रोसिडिंग कन्नडात, भांडण मराठीत,
क्लार्कानं लिहून घेतलं.
नागव्वा सुळगेकर उठली, घरी गेली,
पान्यानं स्वतःच्या दारची तोटी काढली
आणि आणून ठेवली टेबलावर, अध्यक्षांच्या चहाशेजारी.
बुडाला कोळ्याचं जाळं होतं.
सातेरीनं तोटी उचलली, उलटीपालटी केली, म्हणाला,
"ही आपल्या वॉर्डातली न्हवंच."

मग ती बसनं इथं आली, तोटी घेऊन.
बातमी लागली नाही. जाहिरात होती त्या दिवशी.
तोटी राहिली.

पावणेबारा. लंडनहून दुसरा तुकडा येतो.
मंत्र्यानं राजीनामा दिला.
खोटं बोललो म्हणून नाही,
कामावरचं सगळ्यांचं लक्ष उडू नये म्हणून.
भरमा हसत नाही. तो पूर्णविराम शोधतोय.

मी तरी कोण मोठा धुतला तांदूळ.
एकाच पानावर गावाचं नाव दोन तऱ्हेनं लिहितो,
सरकारी जाहिरातीत बेळगावी,
बातमीत बेळगाव.
याला दिशाभूल म्हणत नाहीत,
याला पहिली तारीख म्हणतात.

तरी आज 'खोटं बोलले' असंच लिहिलं.
संपादकांनी फोनवर ऐकलं, म्हणाले,
"'दिशाभूल केल्याचा आरोप' कर, जागा तेवढीच लागंल."
जागा जास्त लागली. दोन ओळी.
भाताचा दर खाली सरकला.

पान गेलं. भरमा सायकल काढून कोनवाळ गल्लीकडे वळला.
मी उगाच तोटी हातात घेऊन फिरवली.
सुरळीत फिरते.
हिच्यात कधीच काही बिघाड नव्हता.