कुठेतरी पाणी मुरतंय

आधी मोजा ओला झाला.
पहाटे, पलंगाच्या डाव्या अंगाला.
आणि बाहेर वाळवंट,
आहो गावापासून दक्षिणेला नऊ मैल,
जिथे ऑक्टोबरपासून आभाळानं थेंब टाकला नाही
आणि सग्वारो निवडुंग पोटं आत ओढून उभे आहेत.

ओडेल म्हणाला, तुझ्याच हातून सांडलं असेल.
चौतीस वर्षं नेब्रास्कात शाळेची बस चालवून
त्याचा एक कान गेलाय, दुसरा वाटेवर आहे.
मी म्हटलं, रात्री पंप वाजतो.
सगळे नळ बंद, आपण दोघं आडवे,
आणि तो सव्वादोनला एकदा घर्र करतो,
तीनला दहा कमी असताना पुन्हा.
कुणीतरी पाणी पितंय, ओडेल.
मला तर काही ऐकू येत नाही, म्हणाला.

गॅलनमागे पैसे मोजून आणलेलं पाणी.

मोटरहोम एक्क्याण्णव सालचं.
आमच्याआधी ते टल्साच्या एका माणसाचं होतं.
नाव ठाऊक नाही, पण त्याची करणी ठाऊक आहे:
वायरींना चिकटपट्टी, खिडकीला डांबर,
एका दाराची बिजागरी उलटी.
सोमवारी पलंग उचलला. बुधवारी न्हाणीची फळी काढली.
दर सांध्याला टिश्यूपेपर गुंडाळला,
जखमी माणसाला बांधावा तसा,
आणि दर तासाला टॉर्च घेऊन
कोरडे कागद चिमटीत धरून पाहिले.
कोरडा. कोरडा. कोरडा.
टल्साच्या त्या माणसाला आम्ही आठवडाभर पाण्यात पाहिलं.

शेजारच्या गाडीतला युसेबियो
तांब्याच्या खाणीत होता, खाण बंद होईपर्यंत.
तो आत आला, टोपी काढली, जमिनीकडे पाहिलं,
मग खिशातलं संत्रं ओट्याखाली ठेवलं.
संत्रं सावकाश निघालं,
टेबलाच्या पायाला वळसा घालून
थेट पलंगापाशी जाऊन थांबलं.
ओल दिसते तिथे गळत नसतं, तो म्हणाला,
पाणी आळशी असतं, उतारानं झोपायला जातं.

ओट्याखालचं कपाट. डबे बाहेर, भांडी बाहेर.
ओडेल आडवा झाला, खांद्यापर्यंत आत.
मी बाहेरून पाठीच्या फळीला कान लावला.
वर. डावीकडे. नाही, इतकं नाही.
तो माझा हात, मी त्याचा कान.
फळीमागे कुणी दातांतून श्वास घेत होतं, बारीक,
न थांबता.

फळी निघाली.
राखाडी नळी, आणि तिच्या पोटात
तीन इंची स्क्रू, गंजून अर्धा झालेला.
त्याच्या कडेनं सुईएवढी धार.

टल्सा, ओडेल म्हणाला, आणि एक शिवी.

मी स्क्रू पाहिला.
मग फळीच्या अलीकडची बाजू पाहिली,
तिथला आकडा, आकड्यावरची माझी बिडाची कढई.
अकरा वर्षांपूर्वी, ओडेल भावाकडे ओमाहाला गेला होता
तेव्हा मी एकटीनं तो ठोकला होता,
आखूड स्क्रू सापडला नाही म्हणून लांब,
आणि केवढी खूश झाले होते.
अकरा वर्षं त्याच स्क्रूनं
स्वतः पाडलेलं भोक स्वतःच बुजवून धरलं.
खडबडीत रस्ते, कढईचं वजन, गंज.
शेवटी त्याचा हात सुटला.

गप्प बसता आलं असतं.
मी म्हटलं, ओडेल, हा माझा.
त्यानं ऐकलं नाही.
मी मोठ्यानं म्हटलं.
युसेबियो खिडकीबाहेर डोंगर बघू लागला.

ओडेल इतका हसला की कपाटात डोकं आपटलं.

नळी कापली, पितळी जोड बसवला.
युसेबियोनं पैसे घेतले नाहीत, संत्रं परत घेतलं.
टल्साच्या माणसाची माफी कुठल्या पत्त्यावर मागू?
ती उलटी बिजागरीही आता
तितकीशी उलटी वाटेना.

सव्वादोन वाजले.
मी जागी. पंप गप्प.
तीनला दहा कमी. गप्प.
अंधारात ओडेल म्हणाला, येतंय का काही ऐकू?
नाही, मी म्हटलं.
मलाही नाही, तो म्हणाला,
आणि कूस बदलून झोपला.