होल्डवर

आईचा गाऊन बदलताना कौसर
आधी डावी बाही काढते,
कारण उजव्या हातात अजून
प्लग असतो.

बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं
आई ट्रंक बोर्डावर होती. हे मला ठाऊक होतं.
प्लगचं नव्हतं.

कौसर बहिणीच्या लग्नाला बार्शीला गेली
तेव्हा मी फ्रिजवर यादी लावली, दोन पानी:
चहा बशीत. गोळी केळ्यातून. आरशावर टॉवेल.
ब्यूरोने नऊ दिवसांत चौघी पाठवल्या.
चौघी चांगल्या. चौघींनी यादी वाचली.
एकीने तर आईच्या केसांत अबोली माळली.
आईने ती काढून उशीखाली ठेवली,
कुणाची तरी वस्तू परत द्यायची असावी तशी.

तिसऱ्या दिवशी जेवण बंद.
पाचव्या रात्री दोन वाजता ती दाराशी उभी,
पर्स काखेत, बिबवेवाडीच्या या फ्लॅटमधून
घरी जायला निघालेली.
मी म्हणालो, आई, हे घरच आहे.
ती म्हणाली, साहेब,
मला सोडवायला अजून कुणी आलं नाही.

दहाव्या दिवशी, सकाळी सव्वाआठ.
जिन्यात चपला, डावी जरा घासत.
दुसऱ्या मजल्यावर एक खोकला.
किल्ली लावण्याआधी
काकणं कोपरापर्यंत मागे सारल्याचा आवाज.
यातलं काहीच यादीत नव्हतं.
आई कॉटवर ताठ बसली.

"उशीर केलात, निमकर बाई."

निमकर कोण, मला माहीत नाही.
शेजारच्या बोर्डावरची असेल. वारलीही असेल.
चार वर्षांत कौसरने एकदाही
स्वतःचं खरं नाव सांगितलेलं नाही.

"बस चुकली हो. कोंढव्यातच अर्धा तास."
"सकाळपासून नागपूर लागत नाहीये."
"मी बघते. तुम्ही तेवढी पेज घ्या."
आणि आईने तोंड उघडलं.

मी दारात, नऊ दिवसांच्या दाढीसकट.
चौथ्या चमच्याला तिचं लक्ष गेलं.
"हे कोण?"
कौसर पेज फुंकत म्हणाली,
"लाइनवर आहेत. कधीचे थांबलेत."

आई हसली. नोकरीतलं हसू ते,
न पाहिलेल्या माणसांसाठी
एकतीस वर्षं वापरलेलं.

"असू द्या. तोडू नका त्यांना.
होल्डवर ठेवा."