बांधणीला आलेलं पुस्तक

चर्चच्या कपाटातून आलंय, म्हणाले, जपून शिवा.
पुठ्ठा उसवलेला, कणा वाळवीनं खाल्लेला,
पानांना दमट ज्वारीच्या कणगीसारखा वास.
मी बायंडर. वाचायचे पैसे मिळत नाहीत मला.
पण खळ निवायला वेळ लागतो,
आणि माझं इंग्रजी बोटाबोटानं का होईना, चालतं.

रेव्हरंड टोबायस क्रॅनले, अठराशे छप्पन.
आंबा घाट चढला तो पालखीतून.
भोई किती होते ते लिहिलंय, बारा.
त्यांना काय दिलं तेही, आण्यापर्यंत,
आणि स्वतःची पोटदुखी, तारीखवार.
भोयांची नावं नाहीत.
चार वर्षं रोज सकाळी समोर बसणाऱ्या मुनशीचं नाव नाही.
"माझा मुनशी" म्हणतो फक्त,
जसं म्हणावं, माझी छत्री.
छत्रीवर मात्र सव्वा पान आहे.

कोल्हापूर त्याला दिसलं ते असं:
धूर, देवळं, म्हशी, एका तळ्यापलीकडे दुसरं तळं,
आणि "आनंदी, पण गंभीर विषयांत मन न रमणारे लोक".

हे त्यानं कशावरून लिहिलं, मला ठाऊक आहे.
त्याला ळ येत नसे.

पुस्तकात हे कुठेच नाही. आमच्या घरात आहे.
माझ्या पणजीची आजी गजरा माळीण, वडणग्याची,
डोक्यावर पाटी घेऊन पंचगंगा ओलांडून यायची.
तिच्या शेजारीच हा दगडावर उभा राहून ओरडायचा,
"वेल आली आहे! वेल जवल आली आहे!"
"कंची गं? दोडक्याची का घोसाळ्याची?"
आणि सगळा भाजीबाजार पाट्या धरून हसायचा.
"मी तुमचा पालक," छातीवर हात ठेवून सांगायचा हा.
"जुडी केवढ्याला?" गजरा विचारायची.

पान एकशे चौदा:
"आजही बायकांनी सुवार्ता उघड आनंदाने ऐकली."

शिकत होता बिचारा.
शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं गिरवलंय,
ळ ळ ळ ळ, ओळीखाली ओळ,
आधी उताणा पडलेला चष्मा,
मग कुठे वळणाला लागलेला.
आणि अगदी खाली, बोरूनं, सराईत हाताचा, एकच.
त्या मुनशीची जगात एवढीच सही.

जीभ टाळूला लागायला तीन पावसाळे गेले.
मग ळ त्याच्या असा अंगवळणी पडला
की नको तिथेही यायला लागला.

प्रकरण नऊ. जुलै. चार ओळी.
"एडिथला टेकडीवर पुरले. वय दोन वर्षे, पाच महिने.
पेटी पुस्तकांच्या खोक्याच्या फळ्यांची.
नेहमीप्रमाणे बाजारात गेलो. लोक विलक्षण शांत होते.
कारण समजले नाही."

कारण आमच्या घरात आहे.
त्या दिवशी तो दगडावर चढला नाही.
गजराच्या पाटीपुढे उकिडवा बसला,
मातीत दोन्ही हात टेकले
आणि म्हणाला,
"माझं मूळ गेलं."

कुणी चूक काढली नाही.
एक म्हातारी म्हणाली, व्हय बाबा.

पुढच्या रविवारी गजरा ब्रह्मपुरीची टेकडी चढली.
देव बदलायला नव्हे, मरेपर्यंत सांगायची ती,
"भेटाय गेलते. मयताच्या घरी जात्यातच की."
मग त्याच्या पुढच्या रविवारी. मग जातच राहिली.
पुस्तकाच्या शेवटी तो हिशेब मांडतो:
पाच वर्षांत एक बाई.
"तिचा हेतू मला अजून नीट कळलेला नाही."

आमचं दुकान रविवारी बंद असतं, ते तेव्हापासून.

कोरी पानं काढून टाका, असं सांगून गेलेत ते.
बाकीची काढली.
ळ चं पान शिवणीत घेतलंय, आत, प्रकरण नऊच्या समोर.
शिलाई, कापड, खळ, कण्यावरची अक्षरं,
सगळं बिलात लावलं.
त्या पानाचं काही लावलं नाही.