मागाच्या खोलीत

तांडापेठेत शकुन निनावेच्या घरी
मागाची खोली अजून मागाचीच खोली,
माग विकून अकरा वर्षं झाली तरी.
पाय सोडून बसायचा खड्डा तसाच आहे.
त्यात ती खोबरेल, टोळीचं तेल
आणि करंजाचा डबा ठेवते, गारव्याला.

मी मेडिकलच्या वॉर्डात फरशी पुसते.
फिनाईल, ब्लीचिंग, पुन्हा फिनाईल.
बोटांच्या पेरांना अशा भेगा
की कणीक मळताना मीठ आधी मलाच लागायचं.

गेले तेव्हा मृगाची संत्री संपत आली होती.
रसवाल्याकडून आणलेल्या साली
गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळत होत्या.
मला वाटलं, हिचं सगळं असंच असणार,
साली, पाला, थोडं कुटणं, थोडं वाटणं.
तिनं आधी कास्टिकचा डबा काढला.

"हे तं आमी मोरीत टाकतो," मी म्हटलं.
"हाव. याच्याबिगर साबण होतच नाही.
दूर हो. खिडकी उघड."

चुलीशिवाय पाणी तापलं.
मग ते तेलात, मग काठी, कितीतरी वेळ काठी,
ओढलेली रेघ वर तशीच राहीपर्यंत.
मग सालीची पूड.
दुसऱ्या दिवशी ताण्याचा उरलेला दोरा
दोन बोटांना गुंडाळून
तिनं लादीच्या वड्या पाडल्या, सरळ,
आणि जिथं पूर्वी लुगड्यांच्या घड्या असायच्या
त्या फळीवर मांडल्या. खाली खडूनं: अठरा मार्च.

"बेचाळीस दिवस. मधात हात नाही लावायचा."

नवव्या दिवशी मी एक चोरली.

रात्रभर हात ओल्या माठाला लावून बसले.
सकाळी वडी परत ठेवायला गेले
तर तिचा एक कोपरा झिजलेला, अन् शकुन दारातच.
माझ्या बोटांकडे पाहिलं. वडीकडे पाहिलं.
काही म्हणाली नाही.
खडू घेतला आणि त्या एकट्या वडीखाली
माझं नाव लिहिलं.
वेलांटी चुकली होती. मी सांगितलं नाही.

एप्रिल संपता संपता, ऊन डोक्यात जाताना,
तीच वडी मिळाली, झिजल्या कोपऱ्याची.
फेस कमी. वास जवळ नेला तरच.
हात धुतले आणि उभी राहिले
झोंबायची वाट पाहत.
नळ चालू राहिला. शेजारीण ओरडली पाण्यावरून.

"दोन बुचं ठेव तिच्याखाली," शकुननं बजावलं होतं,
"ओली राहिली तं वितळून जाते."
ठेवली. तरी ती झिजतेच.
भेगा मिटल्या असं म्हणणार नाही,
फिनाईल काही सुटलं नाही माझं.
पण कणीक मी आता दोन्ही हातांनी मळते.

फळीवरचं माझं नाव तिनं पुसलेलं नाही.
त्यावर दुसरी वडी आहे, एक मेची.
जाता-येता मी खिडकीतून पाहते
आणि हात पाठीमागे बांधून मोजते.
आज अकरावा.