मोतद्दारांचं गाव

आमच्या गावाचं नाव लोवासी.
म्हणजे मोतद्दारांचं. दुसरं नाव कुणी दिलंच नाही.
ओढ्यापलीकडचं गाव आचाऱ्यांचं,
टेकडीमागचं ससाणे पाळणाऱ्यांचं,
आणि दलदलीच्या काठाला मधमाश्या राखणारे,
बारमाही सुजलेल्या बोटांचे.
राजाला जे जे लागेल ते ते गाव
आधीच नेमून ठेवलेलं,
खोगिराला वाद्या असाव्यात तसं.

मी चेपान, तोर्दाचा मुलगा.
पाच राजांच्या घोड्यांना खरारा केला मी.
चेहरा सांगेन तर एकाचाच.
मोतद्दार वर बघत नाही;
त्याला दिसतो रिकिबीतला पाय,
आणि पाय गेल्यावर उरलेली घोड्याची पाठ.

पाठ बोलते.
पहिल्याचा घोडा परतायचा तो जबड्याच्या कोपऱ्यांत रक्त घेऊन.
हा माणूस लगामाला लोंबकळून राज्य करतो,
बाप म्हणाला, आणि थुंकला,
पण हळूच, गवतात.
दुसरा इतका हलका
की खोगिराखाली घामाचा डागसुद्धा पडेना.
पोरगंच होतं ते.
एकदा तोबऱ्यात मला सफरचंद सापडलं, अर्धं खाल्लेलं,
दातांच्या खुणा बारीक.
त्याच्या दफनाची घंटा वाजली तेव्हा
मला ते सफरचंद आठवलं.
तिसरा डावीकडे झुकायचा. जुनी जखम असणार.
मी त्या बाजूला लोकरीची एक घडी जास्त घातली.
त्याला कधी कळलं नाही. घोड्याला कळलं.
चौथ्याबद्दल मी बोलणार नाही.

राज्याभिषेकाचं मात्र सांगतो.
फेहेरवारच्या थोरल्या चर्चमधून
राजा मुकुट घालून बाहेर येतो, घोड्यावर चढतो,
टेकाडावर जातो, आणि
पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर
हवेत तलवार हाणतो:
शत्रू कुठूनही येवो, मी आहे.
लोक रडतात. बिशप डोळे मिटून घेतात.
पण तलवार फिरवतो तो राजा;
दिशा बदलतो तो घोडा.
आणि कानाशी पातं सणसणलेलं
कुठल्याच घोड्याला सोसत नाही.
म्हणून राजा अंथरुणाला खिळल्याची कुजबुज आली
की आम्ही पागेमागे
वाळुंजीच्या ओल्या फोका घेऊन जायचो.
सूं. वळ. सूं. वळ.
तो तिकडे औषध घेतोय
आणि आम्ही इकडे त्याच्यानंतरच्या चार दिशा शिकवतोय.
याला काय म्हणतात ते मी बापाला विचारलं होतं.
काम म्हणतात, तो म्हणाला.

पाचव्याच्या वेळी माझा देरेश होता,
गोठलेल्या दवाच्या रंगाचा.
पूर्वेला वळला, दक्षिणेला वळला,
पश्चिमेला तर असा की बिशपांनीही डोळे उघडले.
उत्तरेला मात्र थांबला नाही.
जरा पुढे गेला, ईशान्येकडे,
गर्दीत मी उभा होतो तिकडे,
आणि तलवार माझ्यावर आली.

तेव्हा मी वर पाहिलं.
कपाळावर मुकुटाचा वळ उठलेला एक तरुण माणूस,
ओठ पांढरे,
घोड्यावरून पडू नये म्हणून
एका हाताने आयाळ घट्ट धरलेला.
मी मान खाली घातली. त्याने हवा कापली.
कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

सात हिवाळ्यांनंतर ते घोडेस्वार आले.
आचाऱ्यांचं गाव उरलं नाही. मधमाश्यांचं अर्धं उरलं.
आले ते ईशान्येच्या खिंडीतून.

आता नात, एनेका, इतर पोरांना गोळा करून सांगते,
की आजोबांच्या घोड्याला आधीच दिसलं होतं,
मुकी जनावरं, त्यांना सगळं कळतं.
पोरं माझ्याकडे बघतात. मी खोगीर शिवत बसतो.

देरेशला काही दिसलं नव्हतं.
माझ्या मुठीत मीठ होतं.