वीस तेत्री

लिफ्टने आजही नाणं गिळलं.
वीस तेत्री. एवढ्यात इथे काडेपेटीसुद्धा येत नाही,
पण मी तो पत्र्याचा डबा असा बडवला
की जिन्याखालची कुत्री उठून पावसात निघून गेली.

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीत
नाणं टाकल्याशिवाय लिफ्ट वर जात नाही,
आणि टाकलं तरी जाईलच असं नाही.
खाली मात्र फुकट आणते.

आठवा मजला.
एका हातात दह्याची बरणी, दुसऱ्यात डाळिंबांची पिशवी,
डाव्या बुटाची टाच दुपारपासून हलतेय,
आणि डोक्यात औषधाच्या दुकानातला हिशेब,
जो चार लारींनी जुळला नाही तो नाहीच.
मिनीबसवाला मला थांब्यापुढे घेऊन गेला होता,
वर म्हणाला, "ताई, जरा मोठ्यानं सांगायचं."
मी दिवसभर मोठ्यानंच बोलत होते,
फक्त मनात.

प्रत्येक पायरीला एकेकाचं नाव घेत चढले.
दुसऱ्या मजल्यावर नगरपालिका झाली,
तिसऱ्यावर मिनीबसवाला,
पाचव्यापर्यंत माझी नणंद इझोल्दा पुरली,
तिच्यासाठी खरं तर आणखी दोन मजले लागले असते.

सहाव्यावर पिशवी फाटली.

डाळिंबं जिन्यावरून गेली
ठप्, ठप्, मग जरा थांबून ठप्,
जणू कुणी जाडजूड माणूस
सावकाश, विचार करत उतरतोय.
मी तिथेच बसले. बरणी मांडीवर.
जगात माझ्याइतकं छळलेलं कुणी नाही
हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होतं.

खाली चौथ्या मजल्यावर दार उघडलं.
ओतिया.
एका पायात चप्पल, काळा सदरा,
चाळीस दिवसांची पांढरी दाढी.
लमाराचा चाळिसावा परवाच झाला,
त्यांच्या मेजावर बसून मी जेवलेही होते.

मला एकदम माझ्या रागाची लाज वाटली,
शेजाऱ्याकडे आग लागलेली असताना
आपण दिव्याची वात नीट नाही म्हणून ओरडावं, तशी.
"काही नाही," मी वरून म्हटलं, "लिफ्ट जरा..."

"जरा?" ओतिया म्हणाला.
"सकाळी माझे साठ गिळले तिनं!
तीन नाणी! लागोपाठ!
मी लाथ मारली. बघ,
चप्पल त्या फटीत गेली ती गेलीच."

आणि मग तो बोलतच राहिला,
लिफ्टवाल्यांच्या सात पिढ्या,
पंचायतीचा तो टकला, गेल्या वर्षीची वर्गणी.
कान लाल झाले होते त्याचे.
मधेच थांबला. डाळिंब उचललं, सदऱ्याला पुसलं.

"त्सिसाना," तो म्हणाला,
"चाळीस दिवस कुणी माझ्या पायावरून गाडी नेली असती
तरी मी बाजूला हो म्हटलं नसतं.
आज पहिल्यांदा चिडलो.
साठ तेत्रींवर. लमारा असती तर..."
ती असती तर काय, ते त्यानं सांगितलं नाही.

मला काही सुचलं नाही.
म्हटलं, "ते फुटलेलं तुम्हीच ठेवा."
"फुटलेलंच गोड असतं," तो म्हणाला,
जे खरं नाही. हे डाळिंब तर मुळीच गोड नव्हतं,
घरी एक सोलून पाहिलं मी.

उरलेले चार मजले मी कुणाचंच नाव न घेता चढले.
नाही, इझोल्दाचं एकदा घेतलं.
टाच सातव्यावर निखळली, ती खिशात टाकली.
बरणी शाबूत होती, ही गोष्ट
मला थेट दार उघडताना कळली.

रात्री अकराच्या सुमाराला
तळमजल्यावरून आवाज आला,
पत्र्यावर तळहाताचा. एक. दोन.
मग सणसणीत शिवी, जुन्या माणसांची, लांबलचक.
कुत्री भुंकली.

मी दिवा मालवला
आणि तिसऱ्या फटक्याची वाट पाहत पडून राहिले.